वकिलांच्या ईमेलमधली ती तारीख तुमच्यासाठी नाही

न्यू जर्सीतल्या एका वाचक भगिनींचं पत्र, थोडक्यात: त्यांच्याकडे एका मोठ्या अमेरिकी रिटेल कंपनीचे १४० शेअर होते. ६० शेअर २०२१ मध्ये ५८ डॉलरने घेतलेले, ८० गेल्या वर्षी ८४ डॉलरने. तिमाही निकालाच्या दिवशी शेअर ८१ वरून ६३ वर आपटला. तीन आठवड्यांनी धीर सुटून त्यांनी ५० शेअर ६५ ने विकले. ९० अजून खात्यात आहेत. मग वकिलांचे ईमेल सुरू झाले: कंपनीवर शेअरधारकांनी फसवणुकीचा दावा लावला आहे, अमुक तारखेच्या आत संपर्क साधा. त्या विचारतात, "नंतरच्या ८० शेअरांवर माझे १,६८० डॉलर गेले. तारीख चुकली तर ते बुडाले का? वकिलांना सही करून देऊ का?" यजमान म्हणतात, शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये. धाकटे दीर त्याच कंपनीच्या बेंगळुरू ऑफिसात आहेत. त्यांनी फोनवर विचारलं, "वहिनी, आमच्याच कंपनीवर केस करणार का?"

आधी तारखेचं बघू, कारण झोप तिनेच उडवलेली दिसते.

ती तारीख दाव्याचं पुढारपण मागण्याची आहे, पैसे मागण्याची नाही. अमेरिकेत १९९५ सालच्या कायद्याने (त्याला पीएसएलआरए म्हणतात) असा दावा दाखल झाला की वीस दिवसांत जाहीर सूचना द्यावी लागते. त्या सूचनेपासून साठ दिवसांत, ज्याला सगळ्या गटाच्या वतीने 'लीड प्लेंटिफ' व्हायचं असेल त्याने कोर्टात अर्ज करायचा. कोर्ट साधारणपणे ज्याचं नुकसान सर्वांत मोठं त्याला निवडतं, आणि तो जे वकील सुचवेल तेच सहसा सगळ्या गटाचे वकील होतात. फी तिथे असते. म्हणून एकाच आठवड्यात वकिलांच्या पाच-सहा कंपन्या तेच पत्रक काढतात, आणि त्यांतल्या बऱ्याच जणी 'एक लाख डॉलरहून जास्त नुकसान झालेल्यांनी' अशी ओळ घालतात. घाई त्यांना आहे. वॉलमार्टवरच्या दाव्यात पुढे उभा होता तो मिशिगनमधल्या पाँटिॲक शहराच्या कर्मचाऱ्यांचा निवृत्तिवेतन फंड. तुमच्या १,६८० डॉलरांना त्या रांगेत कोणी बोलावणार नाही, आणि तेच बरं. लीड प्लेंटिफला जबानी द्यावी लागते, आपले व्यवहार कंपनीच्या वकिलांपुढे उघडे करावे लागतात.

दाव्यात धरलेल्या ठरावीक मुदतीत तुम्ही शेअर विकत घेतले असतील तर काहीही न करता गटात आहात. सही नको, फी नको, पायरी चढणंही नको. यजमानांना तेवढं सांगा. करायचं ते तडजोड झाल्यावर, आणि तेव्हाची मुदत मात्र खरी असते. तिच्याकडे पुढे येतो.

तुमच्या पत्रात एक वाक्य आहे: 'एका दिवसात २२ टक्के पडला म्हणजे काहीतरी लपवलंच असणार.' इथे थोडं थांबू या. माल पडून राहिला, दुकानं चुकीच्या जागी उघडली, साहेबांचा अंदाज साफ फसला, तरी शेअर असाच पडतो. कोर्टाला तेवढं पुरत नाही. १९३४ च्या सिक्युरिटीज एक्स्चेंज कायद्याचं कलम १०(ब) आणि त्याखालचा नियम १०ब-५ यांवर असे दावे उभे राहतात. त्यात दाखवावं लागतं की कंपनीने महत्त्वाची गोष्ट खोटी सांगितली किंवा अर्धवट सांगून दिशाभूल केली. जाणूनबुजून केली, किंवा डोळ्यांवर कातडं ओढून. आणि ती गोष्ट बाहेर आली म्हणूनच भाव पडला. हेतूबद्दल तर अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००७ च्या टेलॅब्स निकालात पट्टी आणखी वर नेली. फसवणुकीचा अर्थ निष्पाप अर्थाइतका तरी पटणारा हवा, नाहीतर दावा दारातच संपतो.

रिटेलमधलीच दोन प्रकरणं शेजारी ठेवून बघा.

टार्गेट २०१३ मध्ये कॅनडात गेली. वर्षभरात शंभराहून जास्त दुकानं उघडली, पण मालाच्या नोंदींत चुका होत्या, पुरवठ्याचा मेळ बसेना. गोदामात माल तुंबलेला आणि दुकानात रॅक रिकामे. जानेवारी २०१५ मध्ये कंपनीने कॅनडातून गाशा गुंडाळला, सतरा हजारांवर लोकांची नोकरी गेली. शेअरधारक म्हणाले, अडचणी ठाऊक असून आम्हाला गोड चित्र दाखवलं. मिनेसोटाच्या कोर्टाने २०१७ मध्ये दावा फेटाळला, आणि २०२० मध्ये अपील कोर्टानेही तेच कायम केलं. कारभार ढिसाळ असणं म्हणजे फसवणूक नव्हे.

वॉलमार्टचं उलट झालं. मेक्सिकोत दुकानांच्या परवानग्यांसाठी लाच दिल्याचा संशय वरिष्ठांच्या कानावर २००५ मध्येच गेला होता. कंपनीने ८ डिसेंबर २०११ ला तिमाही अहवालात लाचप्रतिबंधक कायद्यासंबंधी चौकशी सुरू केल्याचं लिहिलं, पण २००५-०६ मधला मागचा इतिहास गाळला. वाचणाऱ्याला वाटलं, हे आत्ताच कळलेलं दिसतं. एप्रिल २०१२ मध्ये न्यूयॉर्क टाइम्सने सगळं छापलं, आणि पुढच्या सोमवारी शेअर जवळजवळ पावणेपाच टक्के पडला. तुमच्या कंपनीच्या मानाने ही घसरण किरकोळ. तरी हा दावा टिकला, कारण लिहिलेलं आणि माहीत असलेलं यांतली फट बोट ठेवून दाखवता येत होती. २०१८ मध्ये १६० दशलक्ष डॉलरवर तडजोड झाली, गुन्हा कबूल न करता. दावा लागला मे २०१२ मध्ये, कोर्टाची अंतिम मंजुरी एप्रिल २०१९ मध्ये. सात वर्षं, हा आकडा लक्षात ठेवा. (त्याच वर्षी सरकारला वेगळे २८२ दशलक्ष भरावे लागले आणि त्या प्रकरणात भारताचंही नाव होतं. ते पैसे सरकारजमा झाले, शेअरधारकांना त्यातलं काही आलं नाही.)

दाव्याची मूळ तक्रार काढून वाचा. स्टॅनफर्ड लॉ स्कूलच्या सिक्युरिटीज क्लास ॲक्शन क्लिअरिंगहाउसमध्ये अशा दाव्यांची नोंद असते. तक्रार जाडजूड असते, पण तीन गोष्टींसाठीच चाळायची. 'क्लास पिरिअड', म्हणजे ज्या मुदतीत शेअर घेतलेले लोक गटात येतात ती मुदत, कुठून कुठपर्यंत? कंपनीची नेमकी कोणती वाक्यं खोटी म्हटली आहेत? (ती बहुधा ठळक अक्षरांत असतात.) आणि खरं कोणत्या दिवशी बाहेर आलं म्हणतात? ठळक वाक्यं 'ग्राहकांचा आमच्यावर विश्वास आहे' छापाची असतील तर दावा पातळ आहे. कोर्ट असली वाक्यं जाहिरातबाजी म्हणून सोडून देतं. 'पुढच्या वर्षी विक्री वाढेल' हे अंदाज म्हणून सांगितलं असेल आणि सोबत योग्य इशारा दिला असेल, तर त्यालाही कायद्याचं कवच आहे. निकालाच्या फोनकॉलवर सुरुवातीलाच कोणीतरी एका सुरात लांबलचक इशारा वाचून दाखवतो ना, तो त्या कवचासाठीच. उलट ठळक अक्षरांत साठ्याचा किंवा नफ्याचा ठोस आकडा असेल, आणि 'सीडब्ल्यू-१' (गोपनीय साक्षीदार क्रमांक एक) अशा नावाने आतल्या माणसाची सविस्तर साक्ष असेल, तर प्रकरणात जीव आहे.

रिटेलमध्ये खरी फसवणूक बहुधा एका कंटाळवाण्या जागी लपते: पुरवठादारांकडून येणारे पैसे. बिस्किटांची कंपनी दुकानाला म्हणते, वर्षात लाख खोकी विकलीत तर एवढी रक्कम परत. डोळ्यांच्या उंचीवरचा रॅक दिलात तर आणखी थोडी. हे पैसे अटी पूर्ण होतील तसतसे कमाईत धरायचे असतात. सहा महिन्यांत चाळीसच हजार खोकी गेली आणि तरी पूर्ण रक्कम या तिमाहीत दाखवली, की नफा फुगला. ना बिल खोटं, ना गिऱ्हाईक खोटं, म्हणून बाहेरच्याला पटकन दिसत नाही. नेदरलँड्सच्या आहोल्ड कंपनीचं फेब्रुवारी २००३ मध्ये हेच उघड झालं. घोळ होता तो हॉटेलांना माल पुरवणाऱ्या तिच्या अमेरिकी शाखेत, आणि शेअरधारकांशी तडजोड १.१ अब्ज डॉलरवर गेली. टेस्कोने सप्टेंबर २०१४ मध्ये नफा सुमारे २५० दशलक्ष पौंडांनी जास्त दाखवल्याचं मान्य केलं; तेही पुरवठादारांच्या पैशांचंच. तिथे भरपाई मिळाली ती २९ ऑगस्टला किंवा त्यानंतर शेअर घेऊन १९ सप्टेंबरला बाजार बंद होताना हातात ठेवणाऱ्यांना, शेअरमागे २४.५ पेन्स. अवघ्या तीन आठवड्यांची खिडकी. २८ ऑगस्टला घेतलेल्याला काही नाही.

आता तुमचे शेअर त्या खिडकीत बसवू. तुम्ही पाठवलेल्या कात्रणाप्रमाणे तिथला क्लास पिरिअड ऑगस्ट २०२३ ला सुरू होतो. म्हणजे २०२१ चे ६० शेअर बाहेर. भाव पडला तेव्हा ते तुमच्याकडे होते आणि तुम्हालाही झळ लागली, हे खरं. पण १९७५ च्या ब्लू चिप स्टॅम्प्स निकालापासून या कायद्याखाली नुसता शेअर धरून बसलेल्याला दावा नाही, घेतलेल्याला किंवा विकलेल्याला आहे. पुढे एकत्रित तक्रारीत पिरिअड मागे सरकू शकतो, पण २०२१ पर्यंत जाईल असं धरून चालू नका.

विकलेल्या ५० चं गणित तुम्हाला चकित करेल. तडजोडीच्या पैशांच्या वाटपाच्या योजनेत सहसा 'आधी घेतलेले आधी विकले' असं धरतात. म्हणजे ते ५० जुन्या ६० मधले. ५८ ला घेऊन ६५ ला विकले. तुमच्या ब्रोकरनेही हीच पद्धत लावली असेल, तर त्याच्या १०९९-बी या कराच्या फॉर्मवर तिथे ३५० डॉलर नफाच दिसेल. दाव्याच्या दृष्टीने ८४ चे सगळे ८० शेअर अजून हातात आहेत.

या ८० वर तुम्ही शेअरमागे २१ डॉलर तोटा धरलात, ८४ वजा ६३. कायदा तसं मोजत नाही. खरं बाहेर आल्यानंतरच्या ९० दिवसांतल्या बंद भावांची सरासरी काढतात, आणि भरपाई तुमचा खरेदीभाव वजा ती सरासरी याच्या वर जाऊ शकत नाही. समजा सरासरी ६८ आली. कमाल १६ डॉलर. त्यातही फसवणुकीमुळे भाव किती फुगला होता हे दोन्ही बाजूंचे तज्ज्ञ वेगळं मोजतात. निकालात वाईट विक्री, महाग कर्ज आणि लपवलेली गोष्ट सगळं एकदम आलं असेल, तर घसरणीतला लपवलेल्या गोष्टीचा वाटा तेवढाच धरायचा. समजा तो १२ ठरला. दोन्हींतला लहान आकडा घेतात: ८० गुणिले १२, म्हणजे ९६० डॉलर. हे तुमचं 'मान्य नुकसान', हातात येणारी रक्कम नव्हे. तडजोडीच्या रकमेतून वकिलांची फी आणि खर्च वजा होतो, उरलेलं सगळ्या दावेदारांत प्रमाणात वाटतात. अशा तडजोडी अंदाजित नुकसानीच्या बहुतेकदा दहा टक्क्यांच्या आतच असतात. शंभरातले सहा हाती आले असं धरलं तर ५८ डॉलरच्या आसपास. ९० दिवसांत शेअर सावरून सरासरी ८४ च्या वर गेली असती, तर शून्य.

५८ डॉलरसाठी वकील नेमणं वेडेपणा आहे. पण एक अर्ज भरून येणारे ५८ डॉलर सोडण्याचंही कारण नाही. तुमच्यासारख्या किती जणी ती नोटीस जाहिरात समजून फेकून देतात!

म्हणून आज करायचं एकच काम: खरेदी-विक्रीच्या पावत्या आणि त्या महिन्यांची स्टेटमेंटं पीडीएफ करून ठेवा. क्लास पिरिअडच्या पहिल्या दिवशी किती शेअर होते, त्यातली प्रत्येक खरेदी-विक्री, तारीख आणि भाव, आणि नव्वदाव्या दिवशी किती उरले, एवढं अर्जात विचारतात. हे काम पुढे ढकलू नका. वॉलमार्टला सात वर्षं लागली, आणि ब्रोकरच्या साइटवर तेवढी मागची नोंद मिळेलच असं नाही. टीडी अमेरिट्रेड या ब्रोकरची खाती २०२३-२४ मध्ये श्वाबकडे गेली, तसं मध्येच ब्रोकर बदलला की जुने कागद आणखी लांब जातात. पत्ता बदलला तर ब्रोकरला कळवा. शेअर कागदोपत्री ब्रोकरच्या नावावर असतात, त्यामुळे नोटीस आधी त्याच्याकडे येते आणि तो ती तुमच्याकडे धाडतो.

तडजोड झाल्यावर येणाऱ्या नोटिशीत तीन वेगवेगळ्या तारखा असतात, आणि लोक त्यांत गल्लत करतात. एक अर्जाची, एक गटाबाहेर पडण्याची, एक हरकतीची. तुमच्या कामाची पहिली. काहीच केलं नाही तर पैसे मिळत नाहीत आणि त्या प्रकरणावर दावा लावायचा हक्कही जातो, दोन्ही. बाहेर पडणं हे कोट्यवधी गुंतवलेल्या फंडांचं काम. त्यांनाही पाच वर्षांची कायमची मुदत पाळावी लागते, आणि सामूहिक दावा चालू आहे म्हणून ती थांबत नाही, असं २०१७ पासून ठरलेलं आहे. साधं खातं आणि आयआरए (निवृत्तीसाठीचं खातं) दोन्हींत शेअर असतील तर प्रत्येक खात्याचा अर्ज वेगळा. संयुक्त खात्यावर दोघांच्या सह्या. म्युच्युअल फंडातून असलेल्या शेअरांचा अर्ज फंड करतो, तुम्ही करू नका. वाटपाच्या योजनेत किमान रकमेची अट असते, बऱ्याचदा दहा डॉलर; हिशेब त्याखाली आला तर चेक निघत नाही.

अर्ज फुकट असतो. 'आम्ही भरून देतो, मिळेल त्यातला तिसरा हिस्सा द्या' म्हणणाऱ्यांची तुम्हाला गरज नाही. आणि आधी काही शुल्क भरा म्हणणारा ईमेल आला, तर तो सरळ भामट्याचा.

हे भारतातून एलआरएस (परदेशी पैसे पाठवण्याची रिझर्व्ह बँकेची योजना) वापरून अमेरिकी शेअर घेतलेल्यांनाही लागू आहे. खरेदी अमेरिकी बाजारात झाली हे महत्त्वाचं, तुम्ही राहता कुठे हे नाही. त्यांची अडचण दोन जागी. नोटीस ॲपपर्यंत पोचून तिथेच राहते, म्हणून तडजोडीची साइट स्वतः बघत राहावी. आणि डॉलरचा चेक भारतीय बँकेत वटवायला वेळ व शुल्क दोन्ही लागतं, तेव्हा अर्ज भरतानाच थेट बँकेत पैसे मिळतील का ते विचारावं. रिटर्नमध्ये परदेशी मालमत्तेची अनुसूची तुम्ही भरत असालच. ही रक्कम कुठे दाखवायची ते सीएला विचारा.

यजमानांची म्हण आपल्याकडच्या अनुभवातून आली आहे, आणि ती चुकीची नाही. सत्यमचा घोटाळा २००९ मध्ये फुटला, तेव्हा न्यूयॉर्कच्या बाजारात तिचे एडीएस (परदेशी कंपनीच्या शेअरांचं अमेरिकेत विकलं जाणारं रूप) घेतलेल्यांना कंपनीकडून १२५ दशलक्ष आणि तिच्या लेखापरीक्षकांकडून २५.५ दशलक्ष डॉलरची तडजोड मिळाली. मुंबईत तोच शेअर घेतलेल्या सामान्य माणसाला असा सोपा रस्ता नव्हता. पुढे कंपनी कायद्यात कलम २४५ आलं, पण तिथे शंभर सभासद किंवा ठरलेला वाटा गोळा करून एनसीएलटीकडे, म्हणजे राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणाकडे, जावं लागतं.

आता ९० शेअर अजून हातात असताना आपण आपल्याच कंपनीविरुद्ध जातो आहोत, ही तुमची रुखरुख. तत्त्वतः त्यात दम आहे: कंपनीने दिलेले पैसे शेवटी आजच्या शेअरधारकांचेच, म्हणजे काही अंशी तुम्ही स्वतःलाच देता. पण बऱ्याचदा मोठा भाग संचालकांच्या विमा पॉलिसीतून येतो. शिवाय रक्कम ठरलेली असते. तुम्ही अर्ज केला नाही म्हणून कंपनीचे पैसे वाचत नाहीत, तुमचा वाटा इतर दावेदारांत जातो. हे ९० ठेवायचे की विकायचे, याचा दाव्याशी संबंध नाही. विक्री तीन टक्के वाढली आणि साठा पंधरा टक्के, असं पुढच्या तिमाहीतही दिसतंय का ते बघून ठरवा.

दिरांना सांगा की केस तुम्ही करत नाही, आणि तुमचा अर्ज त्यांच्या एचआरकडे जाणार नाही. तो कोर्टाने नेमलेल्या प्रशासकाकडे जातो. दीरही गटात असू शकतात. साध्या कर्मचाऱ्याला वगळत नाहीत, वगळतात ते मोठे अधिकारी, संचालक आणि त्यांचं घरचं माणूस. फक्त पगाराचा भाग म्हणून मिळालेले शेअर (आरएसयू) सहसा खरेदी धरत नाहीत; ईएसपीपीत, म्हणजे कर्मचाऱ्यांच्या शेअर खरेदी योजनेत, स्वतःच्या पगारातून घेतलेले शेअर बहुधा धरतात. त्यांनी त्या पावत्या वेगळ्या काढून ठेवाव्यात. आणि "आत खरं काय चाललंय" हे त्यांना विचारू नका, कितीही मोह झाला तरी. त्यांनी काही अप्रकाशित सांगितलं आणि तुम्ही त्यावर ९० शेअर विकले, तर तुमच्या दोघांवर इनसायडर ट्रेडिंगचं प्रकरण येऊ शकतं. फोनवर जेवणखाण, मुलांची शाळा एवढंच बोला.